एक कळ, तीन चिन्हे

संगणकाच्या कळफलकावरची रेघेची कळ शून्याच्या शेजारी असते. ती दाबली की एक आखूड आडवी रेघ उमटते आणि आपण ती 'आई-वडील' या शब्दात संयोगचिन्ह म्हणून, गणितात वजाबाकीचे चिन्ह म्हणून आणि वाक्य मध्येच तोडायचे झाले तर अपसारणचिन्ह म्हणूनही बिनदिक्कत वापरतो. छापखान्यात मात्र या कामांसाठी वेगवेगळे खिळे असत. सर्वांत लांब रेघेची रुंदी टाइपाच्या आकाराइतकी, म्हणजे बारा पॉइंटांच्या टाइपात बारा पॉइंट असे, आणि तिला 'एम डॅश' म्हणत. तिच्या निम्म्या रुंदीची ती 'एन डॅश', जी 'पृष्ठे १२–१५' अशा ठिकाणी शोभते.

हा भेद पुसला तो टंकलेखन यंत्राने. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात प्रत्येक अक्षरामागे गाडा सारखाच सरकत असे आणि कळाही मोजक्याच होत्या, त्यामुळे लांब रेघेला तिथे जागा मिळाली नाही. टंकलेखकांनी त्यावर तोड काढली, ती आखूड रेघ दोनदा ठोकण्याची. पुढे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, १९६३ मध्ये ठरलेल्या 'आस्की' या संकेतप्रणालीनेही एकाच रेघेला ४५ हा क्रमांक दिला. युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीमध्ये या चिन्हाचे अधिकृत नाव 'हायफन-मायनस' असे आहे. दोन कामे एकाच गड्यावर लादल्याची ही सरळ कबुलीच म्हणायची. एन आणि एम डॅशला युनिकोडने २०१३ आणि २०१४ हे षोडशमान (सोळाच्या पायावरचे) क्रमांक दिले, पण कळफलकावर त्यांच्यासाठी नवी कळ काही आली नाही.

मॅकवर हे काम त्यातल्या त्यात सोपे आहे. अमेरिकी मांडणीत 'ऑप्शन' धरून रेघेची कळ दाबली की एन डॅश मिळते, आणि सोबत 'शिफ्ट' धरली की एम डॅश. लिनक्सवर 'कंपोझ' कळ नेमून घेतली असेल, तर तिच्यानंतर तीन आखूड रेघा टंकल्या की एक लांब रेघ तयार होते.

विंडोजची रीत अधिक खडतर आहे. 'ऑल्ट' दाबून ठेवायची, उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१५१ टंकायचे आणि मग 'ऑल्ट' सोडायची, की एम डॅश उमटते. एन डॅशसाठी ०१५०. यातले सुरुवातीचे शून्य विसरले, तर इंग्रजी वा पश्चिम युरोपीय मांडणीच्या बहुतेक संगणकांवर रेघेऐवजी डोक्यावर तिरपी खूण असलेले रोमन 'यू' हे अक्षर येते, कारण शून्याविना दिलेला क्रमांक विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या अक्षरसंचात शोधला जातो. ज्या लॅपटॉपला अंकपट्टीच नाही, तिथे हा मंत्र चालत नाही. वर्ड मात्र दोन शब्दांमध्ये सलग टंकलेल्या दोन आखूड रेघांची आपणहून लांब रेघ करतो. टंकलेखकांची ती जुनी सवय अशी संगणकातही टिकून राहिली आहे.

मराठीत टंकताना अडचण रेघेपुरती राहत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवली खरी, पण सरकारने प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत त्यांतल्या कित्येकांच्या जागा अक्षरांनी घेतल्या आहेत. अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या कळीवर 'च' आणि 'छ' बसले आहेत, अवतरणचिन्हांच्या कळीवर 'ट' आणि 'ठ', तर प्रश्नचिन्हाच्या कळीवर 'य'. म्हणून 'कुठे?' एवढा एक शब्द लिहितानाही बरेच जण क्षणभर इंग्रजी कळफलकावर जाऊन परत येतात.

आणि घाईत असलेले लोक तेवढेही जात नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये 'शिफ्ट'सह तीच रेघेची कळ दाबली की विसर्ग उमटतो, आणि दिसायला तो अपूर्णविरामासारखाच असल्याने कितीतरी अर्जांवर, पत्रिकांवर आणि फलकांवर 'वेळः' आणि 'पत्ताः' असे छापलेले आढळते. वाचणाऱ्याचे त्यात सहसा अडत नाही. संगणकाला मात्र ही दोन निराळी चिन्हे आहेत, आणि शोधाच्या चौकटीत अपूर्णविराम देऊन 'पत्ता:' टंकले, तर विसर्ग लावलेला 'पत्ताः' एरवी सापडत नाही.