दुर्वा कुंडीत, हरळी आवाक्यात

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आले की दादरच्या फूलबाजारात जुडीसाठी झुंबड उडते. हीच दुर्वा, म्हणजे आपली हरळी, खिडकीच्या ग्रिलमध्येही येते. लावणं सोपं, आवरणं कठीण.

जूनच्या पहिल्या पावसानंतर लावा. तळाला भोकं असलेला, 15 सेंटीमीटर खोल पसरट ट्रे पुरतो. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती. सरपटणाऱ्या जून काडीचे तीन गाठींचे तुकडे करा. दोन गाठी मातीत, एक वर. मुळं गाठीतूनच फुटतात, नुसतं पातं खोचलं तर वाळून जाईल. आधी खात्री करून घ्या: पातं काडीला मिळतं तिथे बारीक पांढऱ्या केसांची कड दिसते. झुबक्यानं वाढणारं गवत हरळी नव्हे.

ऊन पाच-सहा तास हवंच. सावलीत पेरं लांबतात, पाती विरळ होतात; तिथे खत घालून उपयोग नाही, ट्रेच हलवा. जुलैच्या धारांनी खत वाहून जातं आणि पाती पिवळी पडतात, तेव्हा मात्र पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. चतुर्थीच्या तीन आठवडे आधी दोन बोटं उंची ठेवून सगळी छाटा. बाजूच्या गाठींतून तीन-पाच पात्यांचे कोवळे शेंडे येतील. छाटणी चुकली की तुरे येतात, आणि तुऱ्याची दुर्वा वाहत नाहीत.

ट्रे विटांवर, तुळस-जास्वंदीपासून हातभर लांब ठेवा. बाहेर लोंबणाऱ्या काड्या दर आठवड्याला कापा. निर्माल्यातल्या दुर्वा कुंडीत टाकायची सवय असेल तर सोडा. गाठ असली की त्याही रुजतात.

सोसायटीच्या बागेत हरळी शिरलीच असेल तर खुरप्यानं तुकडे करत बसू नका, एकाची दहा होतील. पावसाळा सरताना, माती ओलसर असताना पहारीनं ती सैल करा आणि आतले पांढरे जाड काडे हातानं ओढून काढा. ते पत्र्यावर कडकडीत वाळवा, कंपोस्टच्या पिंपात नकोत. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीनं दाबा, सहा आठवडे हलवू नका. खोलवरचे काही काडे यातूनही वाचतात; जूनमध्ये त्यांचे कोंब वर आले की बोटभर असतानाच मुळासकट उपटा.