राखीव वीजघर: बंद इंजिनाची निगा

वीज सुरळीत असते तोवर गावाच्या कडेच्या या वीजघराकडे कुणाचं लक्ष जात नाही. तेलावर चालणारं इंजिन आणि त्याला जोडलेलं जनित्र वर्षातले बहुतेक दिवस बंदच असतं. बंद असलं तरी ते गार पडू देत नाहीत. त्याच्या भोवतीचं पाणी हीटरने सतत गरम ठेवतात, म्हणजे गरज पडताच लोड घेता येतो. इंधन जड तेल असेल, तर व्याप आणखी वाढतो. हे तेल इतकं घट्ट, की टाकीतही तापवून पातळ ठेवावं लागतं आणि इंजिनात फवारण्याआधी शंभर अंशांच्या वर न्यावं लागतं.

आता ऑपरेटरचे हात पाहा. प्रत्येक सिलिंडरवरचा छोटा कॉक तो उघडतो आणि इंजिन सावकाश फिरवतो. नुसती हवा फुसफुसली, तर ठीक. पाण्याचे शिंतोडे उडाले, तर काम तिथेच थांबतं. पाणी दाबलं जात नाही. तसंच इंजिन चालू केलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळं ठीक निघालं, की कॉक बंद होतात. सुमारे 30 बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये सुटते आणि ते अवजड धूड फिरू लागतं. बारा ध्रुवांचं जनित्र मिनिटाला 500 फेरे घेतं, तेव्हा 50 हर्ट्झची वीज मिळते. आधी दवाखाना आणि पाणीपुरवठा. मग एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाची वीजवाहिनी, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरला सावरायला वेळ देत.

तेल वाचवायचं म्हणून बंद इंजिनाची अधूनमधूनची चाचणी टाळणं, किंवा ती लोडशिवाय उरकणं, मला साफ चुकीचं वाटतं. फार कमी लोडवर डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं इंधन आणि काजळी धुराच्या नळीत साचते. ही वीज महाग आहे, हे खरंच. लिटरभर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेही खरं. म्हणूनच ती अडीअडचणीपुरती. पण त्या अडचणीत इंजिन उठलंच नाही, तर दवाखान्याने कुणाकडे पाहायचं?

ग्रिड परत आलं, की सिंक्रोस्कोपचा (जनित्र आणि ग्रिडची वीज एका तालात आहे का हे दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा बाराच्या खुणेशी येताना ब्रेकर जोडतात आणि लोड हळूहळू तिकडे सोपवतात. इंजिन काही मिनिटं रिकामं चालवून, निववून बंद करतात. लगेच कॉम्प्रेसर सुरू होतो. हवेच्या टाक्या आजच भरायला हव्यात. वीज रात्रीतून पुन्हाही जाऊ शकते.