व्हिआरेज्जोहून एका दिवसात: समुद्र, संगमरवर आणि कोल्हापूरचे महाराज

हा व्हिआरेज्जोचा बीच. इटलीचा पश्चिम किनारा, टस्कनी. सकाळची वेळ आहे, छत्र्या अजून मिटलेल्या आहेत, आणि आता समुद्राकडे पाठ करून बघा, ते समोर डोंगरावर पांढरं पांढरं दिसतंय ना, ते बर्फ नाहीये, संगमरवर आहे. ऐन ऑगस्टच्या उन्हात पण ते तसंच दिसतं, कारण त्या खाणी आहेत, डोंगर कापून कापून पांढरा झालाय. मायकेलअँजेलोचा डेव्हिड ज्या दगडातून निघाला तो इकडचाच, कार्राराचा.

आपल्याकडून इटलीला जाणारे बहुतेक लोक रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स करून परत येतात, ह्या गावाचं नाव पण ऐकलेलं नसतं. पण मुक्काम इथे करा, कारण इथून रेल्वेने सगळीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि संध्याकाळी पाय समुद्रात. एकच लक्षात ठेवा, लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं की गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड बसतो.

निघण्याआधी गावातलं थोडं. इथला कार्निव्हल १८७३ पासून चालू आहे, फेब्रुवारीच्या आसपास समुद्राकाठच्या रस्त्यावरून प्रचंड मोठे चित्ररथ निघतात, आणि ते सगळे कागदाचे! आधी मातीचं मॉडेल, त्यावरून प्लास्टरचा साचा, आणि मग साच्यात खळ लावून वर्तमानपत्राचे तुकडे एकावर एक. हे बघताना गणपतीच्या आधीचे कारखाने आठवतातच, तोच ओल्या कागदाचा आणि खळीचा वास. गावाबाहेरच्या चित्ररथांच्या वर्कशॉपमध्ये हे काम बघायला मिळतं, मुलं बरोबर असतील तर नक्की जा.

आणि गावात एक चौक आहे, पियाझ्झा शेली. हो, तोच शेली, इंग्रजी कवी. ८ जुलै १८२२ ला तो लिव्होर्नोहून बोटीने घरी निघाला, वादळ आलं, बोट बुडाली. तिशी पण पूर्ण झाली नव्हती. काही दिवसांनी प्रेत ह्या किनाऱ्याला लागलं, खिशात कीट्सच्या कवितांचं पुस्तक होतं म्हणून ओळख पटली. तेव्हाचे क्वारंटाइनचे नियम फार कडक, समुद्रातून आलेलं प्रेत तसंच गावात न्यायला परवानगी नाही, म्हणून आधी वाळूतच पुरलं आणि मग ऑगस्टमध्ये मित्रांनी ते बाहेर काढून इथेच वाळूवर चिता रचून दहन केलं. त्याचा मित्र, कवी बायरन, हजर होता. युरोपात त्या काळी चिता म्हणजे कुणी न बघितलेली गोष्ट. हा प्रसंग ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता पहिली ट्रिप, अगदी जवळची, तोर्रे देल लागो. तळ्याकाठी संगीतकार पुचिनीचं घर आहे, तीसेक वर्षं तो इथे राहिला, तळ्यावर पाणपक्ष्यांची शिकार करायचा आणि रात्री पियानोवर बसायचा. पुचिनीची समाधी घरातच आहे, एका खोलीचं चॅपेल करून. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या उघड्या थिएटरमध्ये त्याचे ऑपेरा होतात, अंधार पडल्यावर चालू होतात, डासांचं काहीतरी लावून जा.

पिसा अर्ध्या दिवसात होतं. मनोरा बघायचा, ११७३ मध्ये बांधायला घेतला आणि खालची जमीन भुसभुशीत म्हणून बांधतानाच कलायला लागला, फोटो काढायचे, आणि मग सगळे तिथूनच परत फिरतात ते मात्र चूक. पुढे नदीवर चालत जा. आर्नो नदी. पिवळ्या घरांच्या मधून वळण घेत जाते, संध्याकाळी फार सुंदर दिसते. ही नदी पण ध्यानात ठेवा.

लुक्काला मात्र पूर्ण दिवस द्या. तटबंदी असलेलं गाव आपल्याला नवीन नाही, पण इथे तटावर झाडं लावलीत आणि लोक वरून सायकल चालवतात, चार किलोमीटरचा पूर्ण फेरा, एका बाजूला कौलारू छपरं, दुसऱ्या बाजूला डोंगर. मला विचाराल तर टस्कनीतली सगळ्यात निवांत जागा हीच. बेदाणे आणि बडीशेपेच्या चवीचा इथला गोड पाव, बुच्चेल्लातो, चहाबरोबर मस्त लागतो. चहा तुम्हालाच करावा लागेल.

आणि आता फ्लॉरेन्स. गाडी लुक्कावरूनच जाते, साधारण दीड तास. म्युझियमं, डुओमो म्हणजे तिथलं मोठं चर्च, सगळं बघा, त्याबद्दल मी काही सांगायला नको. पण दोन तास राखून ठेवा आणि ट्राम पकडून काशीने नावाच्या बागेत या. नाव ऐकून काशी आठवते, पण त्याचा अर्थ आहे गुरांचे गोठे. बाग नदीला लागून किलोमीटरच्या किलोमीटर पसरलीय, ट्राममधून उतरल्यावर शेवटच्या टोकापर्यंत चालतच जायचं, सायकलवाले, कुत्रे फिरवणारे, शाळेची मुलं, आणि सगळ्यात शेवटी झाडं संपतात तिथे समोर एक छत्री उभी आहे. पावसाची नाही, आपली, समाधीवरची. खाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, मिसरूड नुकतं फुटलेला तरुण चेहरा.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, इंग्रजीत रोज डायरी लिहीत होते, काय बघितलं, कुणाला भेटलो. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय विशीचं. बरोबरच्या लोकांनी सांगितलं, दहन व्हायला पाहिजे आणि नदीकाठी व्हायला पाहिजे. शहरात असं कधी झालेलं नव्हतं, खास परवानगी काढावी लागली, आणि जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते त्या संगमावर, रात्री, चिता पेटली. गाव बघायला लोटलं होतं म्हणतात.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, हे स्मारक झालं. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मँटचं, कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने पुढे बांधला तोच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. आणि फ्लॉरेन्सच्या लोकांनी महाराजांना आपल्या भाषेत एक नाव दिलं, इंदियानो, म्हणजे भारतीय माणूस. शेजारी तो केबलवरचा मोठा पूल दिसतोय ना, १९७० च्या दशकातला, त्याचं नाव पण इंदियानोचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्यांत पण तेच नाव.

मी तिथे पोचले तेव्हा एक आजोबा बाकावर पेपर वाचत बसले होते, मी नमस्कार करताना बघून त्यांनी पुतळ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. हो, आमचेच. त्यांनी पेपर घडी केला आणि बाकावर सरकून मला जागा दिली.

समोर संगम. मुन्योनेला पाणी कमी होतं, आर्नो मात्र भरून वाहत होती. इथून ती पिसाला जाते, त्या पिवळ्या घरांमधून, आणि पुढे दहाएक किलोमीटरवर समुद्राला मिळते, आज सकाळी आपण ज्या समुद्रात पाय घालून उभे होतो त्याच समुद्राला.