टेकओव्हरची कुजबुज आणि मंदीवाले

(दादर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बाजार पडला की आपण म्हणतो, मंदीवाल्यांनी पाडला. टेकओव्हरच्या, म्हणजे एक कंपनी दुसरी ताब्यात घेणार अशा बातमीत मात्र पहिला मार खातो तो हाच, भाव पडेल यावर पैसे लावणारा मंदीवाला, आणि त्याच्यामागोमाग छोटा भागधारक. फोक्सवॅगनची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पटणार नाही.

मार्च 2008. दोन्ही जर्मन गाडी कंपन्या; पोर्शे फोक्सवॅगनमधला आपला हिस्सा 75 टक्क्यांपर्यंत नेणार अशी चर्चा होती. पोर्शेनं पत्रक काढून ती नाकारली. फंडवाल्यांनी त्यावर भरवसा ठेवला. जगभर मंदी, गाड्यांना गिऱ्हाईक नाही, आणि भाव एवढा चढा? करा शॉर्ट! म्हणजे उसने शेअर घेऊन विकले, भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे. मग उजाडला 26 ऑक्टोबरचा रविवार. पोर्शेनं जाहीर केलं, आमच्याकडे 42.6 टक्के आहेत, वर ऑप्शन्समधून, म्हणजे शेअरच्या भावावर बांधलेल्या करारांतून, 31.5 टक्के. लोअर सॅक्सनी राज्याकडे 20 टक्क्यांच्या थोडे वर. करा बेरीज. (श्रोत्यांतून : "चौऱ्याण्णव!") शाब्बास, दादरमध्ये पाढे अजून पाठ आहेत! म्हणजे बाजारात उरले सहा टक्क्यांच्या आत, आणि शॉर्ट झालेले त्याच्या सुमारे दुप्पट. शेअर परत तर करायचेत, पण विकणार कोण? मंगळवारी भाव 1,000 युरोंच्या वर गेला. काही काळ फोक्सवॅगन बाजारमूल्यात जगातली सर्वांत मोठी कंपनी होती.

पोर्शेचे तेव्हाचे प्रमुख 2016 मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटले. कायद्याचं काम झालं. पण मार्चचा तो नकार वाचून ज्यानं पैसे लावले, त्याचं काय? मला राग आहे तो याचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आपल्याकडचं भराभर सांगतो. बातमीनं भाव लक्षणीय हलला तर कंपनीनं 24 तासांत होकार, नकार किंवा खुलासा द्यायचा, हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम 1 जून 2024 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांना लागला, 1 डिसेंबरपासून पहिल्या 250 ना. बाकीच्यांना नाही! उलाढाल थोडी असते तिथे एवढ्याशा कुजबुजीनं वरचं सर्किट, म्हणजे त्या दिवसाच्या भाववाढीची कमाल मर्यादा, लागतं, विक्रेता नाहीसा होतो, आणि सकाळी विकून दुपारी परत घेणारा अडकून ऑक्शनला जातो, म्हणजे एक्स्चेंज त्याच्या खर्चानं लिलावात ते शेअर घेतं.

भागधारकाला वाटतं, ओपन ऑफर आली की सुटलो. ओपन ऑफर म्हणजे कंपनी ताब्यात घेणाऱ्यानं बाकीच्या भागधारकांना दिलेली शेअर खरेदीची ऑफर. कंपनीतल्या हिश्श्याची 25 टक्क्यांची रेषा ओलांडणाऱ्यानं ती द्यायची, पण किमान 26 टक्के शेअरचीच. सगळेच शेअर घेऊन धावले तर प्रत्येकाचे काहीच स्वीकारले जातात. शिवाय कंपनीनं वेळेत दुजोरा दिला, तर ऑफरचा किमान भाव काढताना बातमीमुळे झालेली वाढ वगळता येते. हे योग्यच आहे, नाहीतर अफवा पसरवणाऱ्याचं फावेल. पण वरच्या भावात घेतलेल्याला हे आधी कुणी सांगत नाही.

म्हणून माझी मागणी आहे, नोंदणी झालेल्या प्रत्येक कंपनीला हे 24 तास लावा. दोन ओळींचं पत्रक एक्स्चेंजला पाठवायला मोठी कंपनी लागत नाही. प्रश्न बाहेर घेऊ, सभागृह सोडायचंय.