अँट-मॅन आणि हजेरीपट

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? ज्यांना येत नाहीये त्यांनी हात वर करा. कुणीच नाही, छान.

पत्रिकेवर विषय छापलाय 'आकार बदलणारा बाप : विज्ञान आणि नातेसंबंध'. हे नाव माझं नाही हो. मी फोनवर नुसतं 'अँट-मॅनवर बोलतो' म्हणालो होतो, पण संयोजकांना वाटलं की एवढंच लिहिलं तर फक्त पोरंटोरं येतील. आता समोर बघतोय तर पोरंटोरं सोडून सगळे आलेत, म्हणजे नावाने काम चोख केलंय.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ पुरत नाही हा माझा जुना रोग आहे. स्कॉट लँग, म्हणजे आपला अँट-मॅन, मार्व्हलच्या सिनेमांतला हिरो, याची गोष्ट लोक आकाराची समजतात. मुंगीएवढा होतो, इमारतीएवढा होतो, गंमत जंमत. माझं म्हणणं असं की ती गोष्ट हजेरीची आहे. शाळेत कॅटलॉग असतो ना, हजर-गैरहजर, तसला कॅटलॉग त्या मुलीने, कॅसीने, बापाचा ठेवला असता तर काय दिसलं असतं, एवढंच बघायचं. बाकी सूट, हेल्मेट, लेझर हे सगळं कॅटलॉगचं कव्हर.

हे मला कसं सुचलं ते सांगतो, दोन मिनिटात. 2015 ला पहिला सिनेमा आला तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती, तिला घेऊन गेलो. आता तुम्हाला माहितीये, इंग्रजी सिनेमाला इंटरव्हल नसतोच, तो आपल्याकडे घुसडतात. आणि घुसडणारा जो कोण माणूस असतो ना त्याला माझा आयुष्यभराचा शाप आहे. म्हणजे बघा, हँक पिम, म्हातारा शास्त्रज्ञ, मूळ अँट-मॅन, मायकल डग्लस, त्याची मुलगी होप त्याच्यावर वर्षानुवर्षं रागावलेली, कारण आई गेली कशी हे त्याने तिला कधी खरं सांगितलंच नाही. विमान कोसळलं म्हणाला आणि हिला पाठवून दिलं बोर्डिंगला. आणि आता तो सांगणार, तोंड उघडलंय, होपचा चेहरा पडदाभर आणि धप्प. पाटी. लाइट लागले. पॉपकॉर्नची जाहिरात. अहो, वाक्य तरी पुरं करू द्या माणसाचं! मी तिथल्या मॅनेजरला जाऊन म्हणालो, तुम्ही स्वतःच्या घरात कुणी असं बोलायला लागल्यावर मध्ये पॉपकॉर्न आणायला जाता का? तो म्हणाला, सर सिस्टिमवर ऑटोमॅटिक आहे. मी म्हटलं सिस्टिमला मुलं नसतात. तो म्हणाला, मोठा घेतलात तर रीफिल फ्री आहे. मग मी... घेतला मोठा.

पण गंमत पुढेच आहे, आणि ती माझ्या बाजूने फारशी बरी नाही. पॉपकॉर्नच्या रांगेत ऑफिसचा फोन आला. घेतला. मुलीला म्हटलं तू जाऊन बस, मी आलोच. 'आलोच' हा शब्द बापांनी शोधून काढलाय असा माझा संशय आहे. परत आलो तेव्हा हँकने सगळं सांगून झालं होतं. 1987 मध्ये एक क्षेपणास्त्र थांबवायला त्याची बायको जॅनेट अणूहून लहान झाली आणि क्वांटम रेल्ममध्ये, म्हणजे अणूच्याही आतल्या जगात, हरवली, हे मला माझ्या सात वर्षांच्या पोरीने कानात सांगितलं. आणि वर म्हणाली, बाबा, तिने त्याला माफ केलं पण तुम्ही नव्हतात. तिला होप म्हणायचं होतं. म्हणजे, मी तसं धरून चालतो.

असो. तो सीन मी नंतर पाच-सहा वेळा पाहिला. त्यात मजा अशी की बापलेक भरून आलेले असताना स्कॉट मध्येच तोंड घालतो, की वा, किती छान वाटतंय, तुमच्या भिंती पडतायत, आणि मग त्याचं त्यालाच कळतं की आपण माती खाल्ली. हे लिहिणारा माणूस घरात राहिलेला आहे. घरात भावनेचा क्षण आला की कुणीतरी असं बोलतंच.

बरं, विज्ञान. पत्रिकेत छापलंय म्हणजे द्यावंच लागेल. सिनेमात म्हणतात पिम पार्टिकल, म्हणजे हँकने शोधलेला आकार बदलणारा कण, अणूंमधलं अंतर कमी करतो. ठीक. मग वजन तेवढंच राहिलं पाहिजे. 1.8 मीटरचा माणूस 1.8 सेंटिमीटरचा केला, लांबी शंभरपट कमी, तर आकारमान 10 लाख पट कमी. 80 किलो तेवढ्यात कोंबले तर घनता जाते पाण्याच्या 10 लाख पट, म्हणजे श्वेत बटू ताऱ्याच्या आसपास. असा प्राणी मुंगीच्या पाठीवर बसला तर मुंगीचं काय होईल ते मी सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. फरशीतूनच आरपार जाईल तो. आणि वजनही कमी झालं म्हणाल तर 80 मिलिग्रॅमचा माणूस गुंडाला ठोसा मारून काय करणार? तेव्हा सिनेमाने दोन्ही घेतलंय, ठोसा मारताना पूर्ण वजन, मुंगीवर बसताना हलका. आणि हँक तर खराखुरा रणगाडा कीचेनला लावून फिरतो, त्याच्या खिशाचं शिवणकाम कुणी केलंय ते शोधलं पाहिजे.

मोठं होण्याचीही तीच रड. जे. बी. एस. हॉल्डेन, जीवशास्त्रज्ञ, पुढे भारताचे नागरिक झालेले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारलेले, त्यांनी 1926 मध्ये प्राण्यांच्या आकारावर एक निबंध लिहिला. त्यात 60 फुटी राक्षसाचा हिशोब आहे. उंची दहापट, वजन हजारपट, पण हाडाची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, शंभरपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक इंचावर दहापट भार, पहिल्याच पावलाला मांडी मोडणार. दुसऱ्या सिनेमात स्कॉट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत राक्षसाएवढा होतो आणि त्याची हाडं मोडत नाहीत, पण तो भोवळ येऊन पाण्यात आडवा होतो आणि होप त्याला वाचवते. हॉल्डेनना एवढं तरी आवडलं असतं. काही जणांनी आत्ताच मान डोलवायला सुरुवात केलीये, की आता लहानपण आलं, मुंगी आली, म्हणजे तुकोबा येणार. नाही येणार. तुम्हाला पाठ आहे.

त्याऐवजी मुंग्यांकडे येतो, कारण मला मुंग्या आवडतात आणि माइक माझ्याकडे आहे. सिनेमात स्कॉटची सगळी फौज म्हणजे जणू पोरं, सैनिक. प्रत्यक्षात वारुळात राबणारी प्रत्येक मुंगी मादी. लढणारीसुद्धा. मराठीत आपण 'ती मुंगी' म्हणतो ते शास्त्राला धरूनच आहे, आणि तो जो काळा मोठा मुंगळा तुम्ही चिमटीत धरून बाहेर टाकता ना, तोही बहुतेक बाईच असते. पंख फक्त राणीला आणि नराला. म्हणजे स्कॉट ज्याच्यावर बसून उडतो, ज्याला आधी 247 नंबर असतो आणि मग तो लाडाने अँटनी नाव ठेवतो, तो नर असणं अगदी शक्य आहे. चुकून बरोबर.

आता नर मुंगीचं ऐका, माझा सगळ्यात लाडका मुद्दा. नर जन्मतो फलन न झालेल्या अंड्यातून. म्हणजे त्याला बाप नसतोच. आजोबा असतो, आईकडून, पण बाप नाही. आणि त्याच्या बीजातून फक्त मुली होतात, मुलगा होऊच शकत नाही. एकदाच उडतो, मीलन होतं, आणि थोड्या वेळात मरतो. राणी मात्र त्याचं बीज पोटात साठवून वर्षानुवर्षं वापरते. बागेतल्या काळ्या मुंगीची एक राणी पाळलेली असताना 28 वर्षांच्या वर जगल्याची नोंद आहे. म्हणजे हा गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी ह्याच्या मुली जन्माला येतायत, आणि हा कुठेच नाही. संपूर्ण प्राणिसृष्टीत एवढा कोरा हजेरीपट मी पाहिलेला नाही! आणि आपल्या ह्या हिरोचं नाव काय, तर अँट-मॅन, आणि त्याला आहे एकुलती एक मुलगी. ज्यांनी लिहिलं त्यांनी हा विचार केला नसणार, पण मी केलाय, म्हणून तुम्ही...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. बरं. चिठ्ठीत 'कृपया' दोनदा लिहिलंय.

मग कॅटलॉग उघडू. पहिला सिनेमा. स्कॉट सॅन क्वेंटिन तुरुंगातून सुटतो, तीन वर्षं गेलेली. गुन्हा काय, तर ग्राहकांना लुबाडणाऱ्या आपल्याच कंपनीत घुसून पैसे लोकांना परत केले. चांगला चोर, पण पोरीच्या लेखी तीन वर्षं गैरहजर, कारणाचा रकाना लहान मुलं वाचत नाहीत. सुटल्यावर बास्किन-रॉबिन्समध्ये नोकरी, तीही रेकॉर्ड कळल्यावर जाते. मुलीच्या वाढदिवसाला न बोलावता जातो, एक भयंकर कुरूप ससा घेऊन, आणि ती म्हणते किती घाण आहे, मला खूप आवडला. माजी बायको मॅगी दारात स्पष्ट सांगते: घर घे, नोकरी धर, पोटगी भर, मग भेटण्याचं बोलू. इथे थिएटरमध्ये लोकांनी मॅगीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, पॅक्स्टनला, खलनायक ठरवलं. का? तो पोलीस आहे, त्या मुलीबरोबर रोज सकाळी तोच घरात आहे, स्कॉट नसताना हजर तोच होता. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात दुर्लक्षित बाप पॅक्स्टन. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, संयोजक बघा.

कॅसीच्या खोलीतली मारामारी तुम्हाला आठवत असेल. खेळण्यातली आगगाडी, रुळावर स्कॉट आणि खलनायक, आतून बघितलं तर प्रलय, आणि कॅमेरा मागे आला की ती गाडी नुसती टुक करून आडवी पडते. लोक हसतात. मला त्यात दिसतं ते हे की बाप जीव तोडून लढतोय आणि पोरीच्या उंचीवरून ते 'टुक' आहे. मग तो खलनायकाच्या सूटमध्ये शिरायला इतका लहान होतो की क्वांटम रेल्ममध्ये बुडत जातो, सगळं विसरायला लागतो, आणि बाहेर काढतो तो कॅसीचा आवाज. म्हणजे खोलीतून हाक आली आणि त्याने 'हजर' म्हटलं. शेवटी मॅगीकडे सगळे एका टेबलाशी जेवतात, पॅक्स्टन आपल्या खात्यात स्कॉटची बाजू सांभाळून घेतो, आणि टेबलाखाली कुत्र्याएवढी मुंगी. घर जुळलं ते सूटमुळे नाही, त्या टेबलाला चौथी खुर्ची लावली म्हणून जुळलं.

'पाच मिनिटे'. धावतो.

2018, दुसरा सिनेमा. जर्मनीच्या विमानतळावर ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीच्या आपसातल्या भांडणात पडल्याची शिक्षा, दोन वर्षं नजरकैद, पायात ट्रॅकर. ही अर्धी हजेरी, कॅसी भेटायला येते आणि तो घरभर पुठ्ठ्याचे बोगदे करून तिच्याशी खेळतो. आणि बाहेर पडावं लागतं तेव्हा ट्रॅकर लावतात मोठ्या केलेल्या मुंगीला! ती मुंगी त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे घरात फिरते, ड्रम वाजवते. सरळसरळ प्रॉक्सी. कॉलेजात आपण मित्राची लावायचो तशी. एका सीनला सूट बिघडतो आणि तो लहान मुलाएवढा होऊन कॅसीच्या शाळेत अडकतो, हूडी घालून कॉरिडॉरमध्ये, तेवढाच एकदा शाळेत प्रत्यक्ष हजर.

मग 2019, 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'. दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी अडकला होता त्या क्वांटम रेल्ममधून बाहेर येतो, त्याच्या हिशोबाने पाच तास झालेत, बाहेर पाच वर्षं. दरम्यान निम्मी माणसं गायब झालीयेत, त्या गेलेल्यांच्या नावांच्या दगडांमध्ये पोरीचं नाव शोधत सुटतो आणि सापडतं स्वतःचं. दार वाजवतो, उघडणारी मुलगी उंच झालेली. हा आयुष्यभर आकार बदलत आलाय आणि इथे बोलायलाही येत नाही. तीन, दोन, पाच. करा बेरीज.

कॉमिक्सवर बोलणार होतो, राहिलं. एवढंच की हँक पिम 1962 चा, स्कॉट 1979 चा, डेव्हिड मिशेलिनी आणि जॉन बर्न यांचा, आणि तिथे तो सूट चोरतो ते आजारी कॅसीसाठी, तिचं हृदय वाचवू शकणारी डॉक्टर सोडवायला. म्हणजे मूळ कागदावरसुद्धा आधी मुलगी, मग मुंगी.

तिसरा सिनेमा, 2023, लोकांना नाही आवडला, मलाही फारसा नाही. पण माझ्या मुद्द्याला फार उपयोगी. आता कॅसी पोलिसांच्या कोठडीत आणि हा सोडवायला जातो, पाटी उलटी झाली. आणि कँग नावाचा खलनायक त्याला लालूच काय दाखवतो? पैसा नाही, ताकद नाही. गेलेला वेळ. मुलीबरोबरची हुकलेली वर्षं परत देतो म्हणतो. याला नेमकं काय कमी आहे हे त्या खलनायकाला कळलं होतं, समीक्षकांना नाही. आणि शेवटी सगळी मंडळी जमून केक कापतात, हुकलेल्या वाढदिवसांच्या बदल्यात. तिचा वाढदिवस त्या दिवशी नसतोच. तरी मेणबत्त्या.

चिठ्ठी नाही, आता संयोजक स्वतःच उभे राहिलेत. प्रश्न घेऊ दोन. आणि तो फोन कुणाचा वाजतोय? घ्या, घ्या, माझं झालंय. घरचा आहे का?