पिन बसली म्हणजे जुळली असं नाही

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो, कारण इथे टेबलवर दोन जुनी व्हिडिओ गेमची मशीनं उघडून ठेवलीयत आणि सगळ्यांची नजर तिकडेच आहे.

जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, मॉड करायला, म्हणजे त्यात आपले बदल करायला घेतला की लोक सगळा विचार पिक्चरचा करतात, शार्प कसं येईल, आवाज स्टिरिओ कसा होईल, आणि कनेक्टर मात्र शेवटी, खोक्यात जो पडलेला असेल तो, भोक पाडून बसवला की झालं. मी म्हणतो कनेक्टर आधी ठरवा. आणि ठरवताना स्वतःला विचारा, या भोकात चुकीचं काय काय घुसू शकतं, आणि घुसलं तर काय होईल?

आपल्या गोव्यात ही मशीनं आली कुठून बघा. कुणाचे मामा बोटीवर होते त्यांनी जपानहून आणलं, कुणाचे बाबा गल्फात होते, आणि बाकीच्यांकडे बाजारातले क्लोन, म्हणजे नकला, टर्मिनेटर, लिटल मास्टर वगैरे. म्हणजे एकाच घरात तीन देशांचे अडाप्टर. वर्षभर मशीन कपाटात आणि चतुर्थीला सगळी भावंडं जमली की बाहेर येतं. तेव्हा ते जोडणारा माणूस तुम्ही नसताच, चुलतभावाचा दहा वर्षांचा पोर असतो, आणि त्याला जो प्लग आत बसतो तो बरोबर वाटतो. त्यात त्याची काहीच चूक नाही.

आता पॉवर. १९८३ चा जपानी फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचा कन्सोल, घ्या. त्याच्या अडाप्टरवर इनपुट १०० व्होल्ट लिहिलंय, आपल्याकडे २३०, म्हणजे तो अडाप्टर इथे सरळ लावायचाच नाही. आउटपुट १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर, आणि मधली पिन निगेटिव्ह. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हलाही मधली पिन निगेटिव्हच. आणि तुमच्या वायफाय राउटरचा अडाप्टर? बहुतेक १२ व्होल्ट, मधली पिन पॉझिटिव्ह, आणि तोंड जवळपास तेच! एनईएस म्हणजे फॅमिकॉमचंच अमेरिकन रूप, त्याचा अडाप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, कारण त्या मशीनच्या आत स्वतःचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, आहे, तोच अडाप्टर फॅमिकॉमला लावला तर बोर्डाची काशी झालीच म्हणून समजा. त्यामुळे जुना गोल जॅक ठेवणार असाल तर आत एक शॉट्की डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, सिरीजमध्ये टाका, थोडा व्होल्टेज खातो पण पुढे ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे कायम पाच व्होल्ट देणारी चिप, आहे, त्याला सात-साडेसात मिळाले तरी तो पाच देतोच. डायोडने राउटरचा उलटा प्लग अडतो, एसीचं मात्र काम त्याने भागत नाही, हे लक्षात ठेवा. आणि जॅक बदलणार असाल तर आतली पिन २.१ मिलिमीटर की २.५ ते मोजून घ्या. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर जातो पण सैल बसतो, मग हात लागला की गेम रिसेट, आणि लोक बिचाऱ्या कार्ट्रिजला दोष देतात.

हल्ली सगळ्यांना यूएसबी-सी हवाय. मलाही आवडतो, कारण घरात चार्जर असतोच आणि प्लग उलटा-सुलटा कसाही लागतो. पण तो सॉकेट बसवला म्हणजे तुम्ही घरातल्या प्रत्येक चार्जरला आमंत्रण दिलंत, मग तो कुठल्याही चार्जरवर चालायला हवा. सीसी१ आणि सीसी२ अशा दोन पिना असतात, प्रत्येकीला स्वतंत्र ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावायचा. दोन रेझिस्टर, एक नाही. स्वस्त बोर्डांवर कित्येकदा हे नसतातच, मग जुन्या चौकोनी यूएसबी-ए टोकाच्या केबलवर मशीन मस्त चालतं आणि दोन्हीकडे सी असलेली केबल लावली की मेलेलं, कारण त्या रेझिस्टरशिवाय चार्जरला कळतच नाही की पलीकडे कुणी आहे, तो पॉवर सोडतच नाही. आणखी एक, हे पाच व्होल्ट ७८०५ च्या इनपुटला देऊ नका, पलीकडे जेमतेम तीन-साडेतीन निघतील. ७८०५ काढा, पाच व्होल्ट थेट त्याच्या आउटपुटच्या जागी द्या, आणि जुना गोल जॅक पूर्ण काढून टाका. दोन दरवाजे उघडे ठेवले की कुणीतरी दोन्हींतून एकदम येणारच.

मागून विचारतायत कंट्रोलरचं काय. तो तर सगळ्यात फसवा प्रकार. नऊ पिनी डी आकाराचा कनेक्टर अटारीलाही आहे, मेगा ड्राइव्हलाही आणि आपल्या अनेक क्लोनलाही. तोंड एकच, आतली वायरिंग तिघांची वेगळी. अटारीत पाच व्होल्ट ७ नंबरच्या पिनवर, मेगा ड्राइव्हमध्ये ५ वर, आणि तिथे ७ नंबर सिलेक्टचा सिग्नल आहे. क्लोनमध्ये तर मोजल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका. फॅमिकॉमच्या पहिल्या खेळाडूच्या पॅडला पाचच वायर लागतात, पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा, कारण पॅडच्या आत ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप आहे, ती आठही बटणांची स्थिती एकामागून एक त्या एकाच डेटा वायरवरून पाठवते. किती सुंदर डिझाइन आहे! म्हणून पॅडची कापलेली केबल पुन्हा कनेक्टरवर आणताना रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरचा बीप लावून चिपच्या पायापासून प्लगच्या पिनपर्यंत प्रत्येक वायर तपासा. आणि शक्य असेल तर नऊ पिनी सोडूनच द्या, ज्यात दुसऱ्या कन्सोलचा पॅड जाऊच शकत नाही असा काहीतरी घ्या.

व्हिडिओला पिवळा आरसीए, म्हणजे टीव्हीच्या मागे असतो तो गोल सॉकेट, घाला, तो पुरे. कॉम्पोझिट, म्हणजे सगळं चित्र एकाच वायरवरून नेणारा सिग्नल, ७५ ओहमवर एक व्होल्ट पीक-टू-पीक असतो, त्यामुळे चिपमधून सरळ वायर ओढू नका, मध्ये सिग्नलला जोर देणारा ट्रान्झिस्टरचा छोटा बफर हवाच. आरसीएमध्ये मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची रिंग, म्हणजे ग्राउंड, नंतर. यूएसबीत बरोबर उलट केलंय, पॉवर-ग्राउंडच्या पिना लांब ठेवल्यात म्हणजे त्या आधी लागतात. आरसीएत ग्राउंड उशिरा लागतो, म्हणून एव्ही केबल आधी, पॉवर नंतर, हे घरच्यांना सांगून ठेवा. ३.५ मिलिमीटरचा चार कॉन्टॅक्टचा जॅक टाळा, केबल बदलली की व्हिडिओ कुठल्या कॉन्टॅक्टवर ते बदलतं.

आतल्या जोडण्यांना जेएसटीचे छोटे प्लग-सॉकेट वापरा, म्हणजे झाकण उघडताना वायर तुटत नाहीत. पण त्यातल्या एक्सएच प्रकाराची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, २.५ मिलिमीटर, पीएचची २, आणि असे प्लग लावून येणाऱ्या बॅटऱ्यांवर लाल-काळ्याची बाजू प्रत्येक विक्रेत्याची आपली आपली. क्रिंप करताना, म्हणजे धातूची पिन वायरीवर दाबून बसवताना, पुढचे पंख तांब्यावर, मागचे प्लॅस्टिकवर बसले पाहिजेत, वरून सोल्डर ओतायची नाही, ती वायरीत वर चढते आणि वायर तिथेच कडक होऊन मोडते.

आणि आपल्या हवेचं. समुद्राकाठी, त्यात पावसाळ्यात, साध्या टिनच्या पिना काळ्या पडतात. सोन्याचा मुलामा घ्या, पण दोन्ही बाजूंना घ्या, एकीकडे सोनं आणि दुसरीकडे टिन ही जोडी लवकर खराब होते. कार्ट्रिजमध्ये फुंकर नको, थुंकीची वाफ जाते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो.

शेवटी मार्कर घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिनआउट, म्हणजे कुठल्या पिनवर काय आहे ते, लिहा, आणि बाहेर जॅकशेजारी व्होल्टेज, एसी की डीसी, मधल्या पिनची खूण. चला, आता पुढे या, दोन-दोन जण, डावीकडच्या मशीनवर आधी मीटर लावू, पॉवर अजून कुणी देऊ नका.