'म्हणे' कुठे गेलं?

अध्यक्षांनी माझी ओळख 'तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे जाणकार' अशी करून दिली. एक दुरुस्ती करतो. मी तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चिडणारा माणूस आहे. चिडता चिडता बावीस वर्षं त्यांची भाषांतरं केली, एवढीच माझी पात्रता. पत्रिकेवर विषय छापलाय, 'तंत्रज्ञानाची बातमी कशी वाचावी'. त्याकडे येतोच. त्याआधी माझी एक लाडकी तक्रार ऐकून घ्या.

मराठीत 'म्हणे' असा एक शब्द आहे. 'तो परत आला म्हणे.' अक्षरं दोनच, पण बोलणारा त्यात काय काय सांगून मोकळा होतो! मी पाहिलेलं नाही, कानावर आलं, उद्या खोटं निघालं तर माझ्या दारात येऊ नका. तंत्रज्ञानाच्या बातमीत मी हा शब्द शोधत असतो आणि तो मला सापडत नाही. गुन्ह्याच्या बातमीत निदान 'कथित' तरी असतं, कारण तिथे वकिलाची नोटीस येते. टूथब्रश काही नोटीस पाठवत नाही.

मागे दोघंतिघं हसले, म्हणजे त्यांना आठवलं. बाकीच्यांसाठी सांगतो, जरा सविस्तरच. फेब्रुवारी २०२४मध्ये बातमी आली: हॅकरांनी ३० लाख स्मार्ट टूथब्रश ताब्यात घेतले आणि ते सगळे एका स्विस कंपनीच्या संकेतस्थळावर सोडले. म्हणजे सगळे ब्रश एकाच वेळी त्या संकेतस्थळाचं दार ठोठावू लागले, आणि ते चार तास बंद पडलं. बातमी छान होती, हे मान्य करायला हवं. घरोघरी बेसिनपाशी उभं असलेलं ते गरीब बिचारं यंत्र रात्री दरोडे घालतं, ही कल्पना कुणाला सोडवेल? बघता बघता ती जगभर पसरली. प्रत्येक जण दुसऱ्याचा हवाला देत होता आणि दुसरा तिसऱ्याचा.

मग संगणक-सुरक्षा क्षेत्रातल्या काही खडूस लोकांनी विचारलं, कोणती कंपनी? कुठल्या बनावटीचा ब्रश? कोणत्या दिवशी? एकाचंही उत्तर नाही. शिवाय असे ब्रश बहुतेक करून ब्लूटूथवर चालतात. हाताच्या अंतरावरच्या फोनशी ते बोलतात, इंटरनेटला थेट जोडलेलेच नसतात. दरोडा घालायला आधी घराबाहेर तर पडता आलं पाहिजे!

माग काढत गेल्यावर उगम सापडला तो जानेवारीअखेरच्या एका स्विस वर्तमानपत्रात, 'आरगाउअर त्साइटुंग'मध्ये. (हा उच्चार घरी तीनदा म्हणून आलोय, दाद द्या.) फोर्टिनेट या सुरक्षा कंपनीच्या माणसांशी बोलून केलेला तो लेख होता. कंपनीने खुलासा केला की हल्ल्याचा एक प्रकार समजावून देण्यासाठी ते उदाहरण दिलं होतं, भाषांतरात घोळ झाला. वर्तमानपत्र म्हणालं, छे, तुम्ही घडलेली घटना म्हणूनच सांगितलीत, आणि मजकूर छापण्याआधी तुम्हाला दाखवलाही होता.

दोघांत खरं कोण, ते त्यांचं ते बघोत. मला लागलं ते 'भाषांतरात घोळ' हे शब्द. खापर फोडायला आमचंच डोकं बरं सापडतं! गंमत अशी की जर्मन भाषेत 'म्हणे' क्रियापदाच्या रूपातच बसवलेलं आहे. दुसऱ्याचं सांगणं कळवताना तिथली वर्तमानपत्रं क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही ऐकीव गोष्ट आहे. आणि त्या लेखात काय होतं? हे एखाद्या हॉलिवूडपटासारखं वाटतं, पण खरंच घडलंय, अशा अर्थाचं वाक्य. म्हणजे 'म्हणे' मुळातच गळलं होतं. भाषांतरकारापर्यंत ते पोचलंच नाही, तर तो टिकवणार काय?

लोकांनी विश्वास का ठेवला, हेही बघा. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असंच काहीसं खरोखर केलं होतं. कॅमेरे, राउटर अशा उपकरणांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. तेच वापरून ती ताब्यात घेतली गेली. २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर त्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. खऱ्या कॅमेऱ्याच्या पुण्याईवर खोटा ब्रश चालून गेला.

माझंही पाप सांगतो. एका प्रयोगशाळेतल्या बॅटरीवर मी टिपण लिहिलं होतं. बॅटरी कसली, शर्टाच्या बटणाएवढा सेल! मी लिहिलं, 'पुढेमागे मोबाइल पाच मिनिटांत चार्ज होऊ शकेल, असं संशोधकांना वाटतं.' सकाळी मथळा पाहिला: 'आता मोबाइल पाच मिनिटांत चार्ज!' त्यातला 'आता' बघा. उपसंपादकाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "दोन कॉलमांत 'शकेल' बसत नव्हतं." दुपारपर्यंत चार फोन आले, कुठे मिळेल म्हणून. बाजारात तुरी!

आयोजकांची चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटांत आटोपू शकाल का?' शकेन, म्हणे.

तर मुख्य विषय. आपण सगळा दोष पत्रकाराला देतो, पण गळती वरूनच असते. २०१४मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, आरोग्याच्या बातम्यांचा, पण आपल्याला चालेल. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली, तर ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला निबंधापेक्षा फुगवलेला निघाला. म्हणून बातमी वाचताना पहिलं क्रियापद बघा: 'केलं', 'करू शकतं' की 'करणार'? मग कर्ता बघा, म्हणजे हे सांगतंय कोण आणि ते विकणारही तोच आहे का?

२०१९मध्ये गूगलने सांगितलं, आमच्या क्वांटम संगणकाने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील. आयबीएम म्हणालं, अडीच दिवस पुरतील. दोघांचेही आकडे कागदावरच्या अंदाजाचे, दोघंही एकाच बाजारातले. मथळ्यांत मात्र दहा हजार वर्षं एखाद्या शिलालेखासारखी कोरलेली. तिसरी गोष्ट, चार दिवस थांबा. २०२३च्या जुलैत एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा झाला. महिनाभरात इतर प्रयोगशाळांनी करून पाहिलं आणि रोधातली ती नाट्यमय घट भेसळीतल्या कॉपर सल्फाइडची निघाली. थांबलेल्यांचं काय बिघडलं?

चौथा मुद्दा आकड्यांच्या... नाही, दुसरी चिठ्ठी आली. हिच्यात 'शकाल' नाही. नुसतं 'थांबा' आहे. थांबतो.